लाल भाकरी, हिरवी भाकरी

भाकरीला रंग असतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ज्वारीची पांढरी आणि बाजरीची करडी, तो रंग नव्हे. लाल, पिवळा आणि हिरवा. हा रंग तव्यावर दिसत नाही, ताटातही दिसत नाही. तो फक्त आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो, आणि कुणाची शेगडी पेटती राहणार नि कुणाची विझणार हे त्यावरून ठरतं. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेचना. निवृत्ती तोंडावर आली तरी या एका गोष्टीचा गुंता डोक्यातून सुटलेला नाही. वाचून कुणाला सुटला तर मला जरूर कळवा, मी वाट बघतेय.

मी शोभा. चिंचोळी एमआयडीसीत आमचा शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा कारखाना आहे. आमचा म्हणजे अण्णांचा, पण इतकी वर्षं तिथं काढल्यावर जीभ आपोआप आमचाच म्हणते. मी बी.कॉम. होऊन स्टोअरला लागले तेव्हा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, शेंगा कांडायचं एक यंत्र आणि अण्णा. पुढं वाढत वाढत शेंगा कधी घ्यायच्या, ज्वारी किती भरायची, माल किती काढायचा हे सगळं माझ्याकडं आलं. आमचं दुकान सोलापुरात, सात रस्त्याला आहे. तिथं काउंटरवर रफीकभाई असतात. ते माझ्याही आधीचे.

कडक भाकरी म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, पण अंक बाहेरगावीही जातो म्हणून सांगते. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पण इतकी पातळ थापायची की उजेडाकडं धरली तर बोटांची सावली दिसावी. ती तव्यावर दाबून दाबून शेकायची, मग शेगडीच्या उबेला उभी करून वाळवायची. पापडासारखी होते. महिनोन् महिने टिकते. आमटीत कुस्करा, नाहीतर दही-चटणीबरोबर नुसती मोडून खा. चटणी यंत्रानं होते, भाकरी होत नाही. निदान आमच्याकडं होत नव्हती. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये कल्लव्वा आणि तिच्या हाताखालच्या बायका दिवसभर भाकरी थापायच्या. कल्लव्वा अक्कलकोटकडची. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि तव्याशी दोन्ही. तिच्या भाकरीवर बोट मारलं की टण् वाजायचं.

आता अण्णांची निर्णय घ्यायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातनंच निघालं. अण्णा सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती लावून थेट दुकानात. तासभर काउंटरच्या बाजूला स्टुलावर बसायचे. कोण काय मागतंय, कोण हात हलवत परत जातंय, एवढं बघायचे. मग कारखान्यात येऊन मला म्हणायचे, "शोभव्वा, उद्या बाजरीची वाढव." का, कशावरून, काही नाही. मी वाढवायची. बहुतेक वेळा माल खपायचा. नाही खपला तर अण्णा म्हणायचे, हवा बदलली. झाला आमचा हिशोब.

विरेश, अण्णांचा मुलगा, पुण्याला शिकून आला आणि त्याला ही रीत बघून घाम फुटला. पोरगा चांगला आहे हो. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून शेंगा खायचा, आजही मला काकू म्हणतो. त्यानं सांगितलं की काकू, आपला धंदा वाढलाय, आता एका माणसाच्या स्टुलावर चालणार नाही, आपल्याला सिस्टीम पाहिजे. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. अण्णांचे गुडघे दुखायला लागले होते. स्टूल किती दिवस पुरणार होतं?

मग पुण्याहून मृणाल नावाची मुलगी आम्हाला शिकवायला आली. माझ्या लेकीच्या वयाची. तिनं फळ्यावर एक शिडी काढली. खालच्या पायरीवर आकडे, त्याच्यावर माहिती, त्याच्यावर जाण, आणि सगळ्यात वर निर्णय. आकडे खरे घातले की माणूस आपोआप वर चढतो, असं तिचं म्हणणं. मी मान डोलावली, पण काही कळलं नव्हतं. घरी येऊन कणिक मळताना जरा उजेड पडला. डब्यात पीठ किती, जेवायला कोण कोण, काल किती उरलं, हे बघूनच मी किती मळायचं ते ठरवते की. तेच ते. फक्त घर मोठं झालं की डबे दिसत नाहीत, म्हणून ते यंत्रानं दाखवायचे. दुकानात विकलेल्या प्रत्येक पुड्यावरचा पट्ट्यापट्ट्यांचा स्टिकर यंत्रापुढं धरायचा, टीं वाजतं, आणि चिंचोळीतल्या पडद्यावर आकडा हलतो. महिनाअखेरीला दुकानात नि गोडाऊनमध्ये माल मोजायचा आणि यंत्रातल्या आकड्याशी जुळवायचा. प्रत्यक्षात माल कमी भरला तर फरक 'तुटफूट' या खात्यात जातो, जास्त भरला तर 'वाढ' या खात्यात. मग सगळ्याची गोळाबेरीज करून यंत्र प्रत्येक वस्तूला रंग देतं: खपणारी हिरवी, रखडणारी पिवळी, बुडवणारी लाल. एवढंच. शिकले एकदाची, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

पहिल्या दिवशी अण्णांनी पडद्याला विभूती लावली. पहिल्याच महिन्यात चटणी हिरवीगार झाली आणि कल्लव्वाची भाकरी लालभडक.

आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. भाकरीची विक्री अगदी किरकोळ दिसत होती आणि तुटफूट बेसुमार. चटणीचं उलटं. जेवढी दुकानात पाठवली त्यापेक्षा विक्री जास्त, आणि तरीही मोजायला गेलं तर शेल्फ भरलेलं. एकदा तर पडद्यावर चटणीचा साठा शून्याच्याही खाली गेला. जी वस्तू संपलेली आहे ती आणखी कमी कशी होते? मी मृणालला फोन केला. ती म्हणाली, मॅडम, मोजण्यात चूक असेल. आम्ही पुन्हा मोजलं. तेच. अण्णांना विचारलं तर ते हात जोडून म्हणाले की चटणी वाढतेय ना, मग वाढू दे, वाढत्या वस्तूला का वाढतेस म्हणून विचारू नये. विरेशनं कपाळावर हात मारून घेतला.

भाकरीच्या तुटफुटीवर मात्र कुणालाच शंका आली नाही. तिथंच आमचं चुकलं, आणि ही चूक फक्त आमच्यासारख्या भाकरीवाल्यांच्याच हातून व्हायची. साबणवाल्याला कुणी सांगितलं की तुझा निम्मा साबण मोडला, तर तो विश्वास ठेवेल का? पण भाकरी मोडतेच. टेम्पोत मोडते, टोपलीत मोडते, नुसतं रागानं बघितलं तरी मोडते. आम्ही जन्मभर तुकडे गोळा केलेली माणसं. पडद्यानं सांगितलं मोडली, आम्ही म्हटलं मोडली असेल.

मग मोडू नये म्हणून पहिला निर्णय झाला. आकड्यांवर आधारलेला असा आमच्या कारखान्यातला तो पहिलाच निर्णय, म्हणून विरेशनं सगळ्यांना चहा पाजला. निर्णय असा की भाकरी जरा जाड करायची. निरोप घेऊन मागच्या शेडमध्ये मीच गेले. कल्लव्वानं ऐकून घेतलं आणि थापायचं न थांबवता म्हणाली की जाड केली तर ती कडक होत नाही, नुसती वाळते. मी म्हटलं, बाई, वरनं आलंय. तिनं जाड केली.

सात रस्त्याच्या दुकानात एक निवृत्त गुरुजी यायचे. भाकरी घेताना प्रत्येक भाकरी कानाशी धरून नखानं वाजवून बघायची त्यांची सवय. मागं रांग लागली, लोक चुळबुळ करू लागले, तरी गुरुजी वाजवणारच. जाड भाकरी आली त्या आठवड्यात त्यांनी एक वाजवली, दुसरी वाजवली, पाच-सहा वाजवल्या, आणि रफीकभाईंना म्हणाले की मुक्या झाल्या या. टोपली तशीच ठेवून गेले. रफीकभाईंनी मला फोनवर सांगितलं, मी विरेशला सांगितलं, विरेशनं विचारलं की हे सिस्टीममध्ये कुठं नोंदवायचं. मला माहीत नव्हतं. तुटफूट काही तसूभर हलली नाही. भाकरी पुन्हा पातळ झाली, गुरुजी परत आले, आणि लाल रंग लालच राहिला.

मग विरेश एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन खुर्ची ओढून बसला. आवाज अगदी हळू. म्हणाला, "काकू, संक्रांतीनंतर मागची शेड बंद करू या. मला पण वाईट वाटतंय, पण किती दिवस पैसे जाळायचे?" आणि कल्लव्वाला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल, असंही म्हणाला. मागच्या शेडमधल्या बायकांपैकी निम्म्याअधिक जणींचं घर त्या शेगडीवर चालायचं. कल्लव्वाचा नवरा कधीच गेला होता, तिनं दोन पोरी त्याच तव्यावर उजवल्या आणि तिसरी नर्सिंगला होती. पण पडदा समोर होता. मीच शिकून घेतलेली शिडी होती, आणि तिच्या वरच्या पायरीवर हाच निर्णय लिहिलेला दिसत होता. संक्रांत होईपर्यंत थांबते, मग सांगते, एवढंच मी म्हटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. आमच्याकडं भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी घरोघरी. ज्यांच्या घरी थापणारं कुणी नाही ते सगळे आमच्या दुकानावर. भोगी एक दिवसावर आली आणि सात रस्त्याला आमची रांग फुटपाथवर गेली, असा रफीकभाईंचा फोन आला: भाकरी पाठवा, टोपल्या रिकाम्या झाल्या. मी पडद्याकडं बघितलं. भाकरीची विक्री किरकोळ. चटणी मात्र तुफान वाढत होती. आता मला सांगा, भोगीला कुणी चटणीसाठी रांग लावतं का? मी विरेशला दाखवलं. तो म्हणाला, गर्दीत भाकरी जास्त मोडत असेल. त्या क्षणी मला ते पटलंसुद्धा, शपथेवर सांगते. पण डोकं भणभणत होतं. भाकरीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी स्वतः दुकानात गेले.

काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिले. समोर माणसांची भिंत. रफीकभाई एका हातानं टोपलीतल्या भाकऱ्या मोजून दोऱ्यानं बांधत होते, बंडल पिशवीत टाकत होते, आणि दुसऱ्या हातानं काउंटरवर पडलेला चटणीचा एक पुडा उचलून यंत्रापुढं धरत होते. टीं. पुडा परत खाली. पुढचं बंडल. पुन्हा तोच पुडा, टीं. दोन बंडलं घेतली की दोनदा टीं. तो पुडा हाताळून हाताळून मऊ झाला होता, त्यावरचं नाव पुसलं होतं, कोपऱ्यातनं तेल सुटलं होतं. फक्त स्टिकर तेवढा कुणीतरी जपून पारदर्शक चिकटपट्टीनं झाकलेला.

गर्दी ओसरल्यावर विचारलं, रफीकभाई, हे काय चाललंय? ते म्हणाले की भाकरीला पुडा नाही, तर स्टिकर लावायचा कुठं? पुण्याच्या लोकांनी भाकरीसाठी स्टिकर लावलेलं एक कार्ड दिलं होतं, ते पिठानं माखून पहिल्याच आठवड्यापासून कधीमधीच चालायला लागलं. दुसरं पाठवतो म्हणाले, आलं नाही. भाकरीच्या बंडलाची आणि चटणीच्या त्या पुड्याची किंमत एकच. मग त्यांनी तोड काढली. "गिऱ्हाईक खडा रहता बाई, उसकू क्या बोलना? और हिसाब तो बराबर आता नई?" हिशोब बरोबर होता यात शंकाच नव्हती. गल्ल्यात कधी रुपयाचा फरक नाही. पूर्वी अण्णा गल्लाच तेवढा बघायचे, आणि रफीकभाईंना कुणी शिडी शिकवली नव्हती. एकच पुडा दिवसभर विकला जात होता आणि काउंटरवरून हलत नव्हता. चटणी वाढत होती ती अशी. भाकरी मोडत होती तीही अशीच.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दुकानातच पदर डोळ्याला लावला. रफीकभाई घाबरले, त्यांना वाटलं नोकरी गेली. मी म्हटलं, तुमची नाही हो, जाणार होती ती दुसऱ्यांची, आता वाचली. तो पुडा मी मागून घेतला आणि पिशवीत टाकून चिंचोळीला आणला.

विरेशपुढं तो पुडा ठेवला आणि सगळं सांगितलं. पोरगा आधी पांढरा पडला, मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. म्हणाला, काकू, बघा, सिस्टीम चुकीची नव्हती, आपण तिला खोटं सांगत होतो. दोन दिवसांत भाकरीला कागदी पट्टा आला, पट्ट्यावर स्टिकर. महिना उलटला आणि पडद्यावरची भाकरी हिरवी झाली. नुसती हिरवी नाही, सगळ्यात वर. चटणी तिच्या खाली. मी पेढे घेतले आणि मागच्या शेडमध्ये जाऊन कल्लव्वाच्या हातावर ठेवले. शेड बंद होणार होती हे मी तिला तोवर कधी बोलले नव्हते. तेव्हा दोन्ही एकदमच सांगून टाकलं: बंद होणार होती, आता होत नाही, तू हिरवी झालीस. तिनं पेढा पदरात बांधला आणि विचारलं, "हिरवं म्हंजी चांगलं न्हवं?" मी म्हटलं, हो. लई चांगलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

हिरव्या वस्तूचं पुढं काय करायचं हेही मृणालनं शिकवलं होतं. जे खपतं ते वाढवायचं. यंत्राला आता खरे आकडे मिळाले होते, त्यावरून त्यानं पुढच्या वर्षाचा अंदाज काढला. रेघ वर वर गेलेली. पुण्याला, मुंबईला, ऑनलाइन, सगळीकडं भाकरी पाहिजे. त्या रेघेखाली दुसरी रेघ होती, आडवी, सरळ. ती कल्लव्वाच्या शेडची. दिवसाला एवढ्याच भाकऱ्या, येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सुट्टी, लग्नसराईत निम्म्या बायका गावाला. दोन रेघांमधली जागा विरेशनं लाल रंगवली आणि मला दाखवली. म्हणाला, काकू, एवढं आपण रोज गमावतोय. चूक कुठं काढणार? या वेळी एकही आकडा खोटा नव्हता. ते सगळे माझ्याच हातून गेले होते.

भाकरीचं यंत्र आलं. एका टोकाला पीठ, दुसऱ्या टोकाला पुडा. सगळ्या भाकऱ्या एका मापाच्या, गोल गरगरीत. मागच्या शेडमधल्या शेगड्या विझल्या. बायकांना काढलं नाही, हे विरेशच्या बाजूनं सांगायलाच हवं. पॅकिंगला घेतो म्हणाला, पगारही तेवढाच. काही जणी राहिल्या. कल्लव्वाला त्यानं देखरेखीला खुर्ची देऊ केली. ती एक दिवस त्या खुर्चीवर बसली. दुसऱ्या दिवशी आली ती आपला तवा आणि काठवट न्यायला. दोन बायका तिच्याबरोबर गेल्या. जाताना माझ्या टेबलाशी थांबली आणि "येते बाई" एवढंच म्हणाली. मी बस म्हणाले नाही, जाऊ नकोस म्हणाले नाही. मी तिला लालातून बाहेर काढलं होतं, मग ती जात का होती?

पुढं बरेच महिने सगळं झकास चाललं. मुंबईचा माल वाढला. मग सात रस्त्याच्या दुकानातली भाकरी हळूहळू पिवळी पडायला लागली. मुंबई हिरवी, पुणं हिरवं, आणि सोलापूर पिवळं. विरेशनं यंत्राला विचारायचं तेवढं विचारून घेतलं. भाव वाढला म्हणून? नाही, भाव तोच. ऊन? पाऊस? नवं दुकान? मृणाल फोनवर म्हणाली की बाहेरचं काहीतरी कारण असणार, ते आकड्यांत येत नाही. विरेश वैतागला. दुपारी जेवायच्या वेळी आम्ही तिघं, तो, मी आणि अण्णा, पडद्यासमोर बसलो होतो. त्यानं मला विचारलं, "काकू, गिऱ्हाईक चाललंय कुठं?"

मला ठाऊक होतं. अक्कलकोट रोडला, कल्लव्वाच्या दारात. तिनं घरापुढं पत्रा टाकून तीन शेगड्या मांडल्या होत्या. गुरुजी तिथं उभे राहून भाकरी वाजवताना मी स्वतः बघितले होते, कारण मीही तिथं भाकरी घ्यायलाच गेले होते. पगार इथला आणि भाकरी तिथली. गुन्हा नव्हे, पण सांगायला जीभ रेटेना. मी डबा उघडला. पिशवीतलं दोऱ्यानं बांधलेलं बंडल काढून टेबलावर ठेवलं.

अण्णांनी त्यातली एक उचलली, नख मारलं. टण्. एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले. म्हणाले, "कल्लव्वाची." विरेशनंही एक तुकडा घेतला. मग त्यानं त्याच्या जुन्या सुरात, टेबलाखाली बसायचा त्या वयाच्या सुरात, विचारलं की हे सिस्टीममध्ये कसं घालायचं. मी म्हटलं, बाळा, मला खरंच माहीत नाही. आणि खरंच नव्हतं. यंत्राच्या भाकरीत खोट काढावी असं काही नाही. तीच ज्वारी, तोच भाव, वर मुंबईत हातोहात खपते. मग इथंच का नाही? आवाजाला कुठला आकडा द्यायचा?

विरेश हट्टी असला तरी अडून बसणारा नाही. चार दिवस विचार करून त्यानं मला कल्लव्वाकडं पाठवलं. तिनं आपल्यालाच भाकरी द्यायची, घरूनच करायची, जेवढी होईल तेवढी. सात रस्त्याच्या दुकानात तिची टोपली वेगळी, पडद्यावर तिची ओळ वेगळी. भाव ती सांगेल तो. यापेक्षा चांगलं कुणी काय देणार, असं मला रिक्षात वाटत होतं. मी मनातल्या मनात पेढ्यांचासुद्धा विचार केला, मूर्खासारखा.

कल्लव्वानं मला पाट दिला, पाणी दिलं. माझं सगळं बोलणं होईपर्यंत तिचे हात थापतच होते. भाकरी तव्यावर टाकून तिनं वरनं पाणी फिरवलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी शांतपणे.

"बाई, लाल हुतो तवा तुमी बंद करनार हुता. हिरवं झालो, तर बंदच केलं. आता परत त्या पडद्यावर नेऊन बसवनार म्हनता. तर कंच्या रंगात बसवनार, त्येवढं मालकास्नी इचारून या. मंग मी सांगते."

तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली, ती तिनं उलटली.

परत येऊन मी विरेशला तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्याला हसण्यावारी नेता आलं असतं, पण नेलं नाही. तो पडद्याकडं बघत बसला. पिवळा बरा, असं म्हणणार होता बहुतेक, पण पिवळ्यालासुद्धा पडदा फार दिवस पिवळं ठेवत नाही. त्याला एक तर वर ढकलायचं असतं नाहीतर खाली. शेवटी म्हणाला, काकू, थोडा वेळ द्या. याला आता बरेच दिवस झाले. निरोप न्यायचा राहिला आहे, कारण निरोपच नाही. मृणालला विचारून झालं, अण्णांना विचारून झालं. अण्णा म्हणतात की तिलाच विचार.

दर शनिवारी मी अक्कलकोट रोडला जाते. कल्लव्वा मला प्रश्नाचं काही विचारत नाही, लेकीच्या नर्सिंगचं सांगते. मी एक बंडल घेते. ते दोऱ्यानं बांधलेलं असतं, त्याला पट्टा नाही, स्टिकर नाही. घरी आणून उघडते, एकावर बोट मारते, आणि टण् वाजली की मगच जेवायला बसते. त्याची नोंद कुठंच होत नाही.